हिरवळ पिवळी का पडली?

चूक कबूल करायला माणूस सहसा तयार नसतो, आणि शिक्षक तर मुळीच नसतो. तरीही या लेखाची सुरुवात मी माझ्याच एका चुकीपासून करणार आहे. तिच्यातून मला जे शिकायला मिळाले ते माझ्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत असूनही मी वापरले नव्हते.

सोलापूरला आम्ही घर बांधले तेव्हा पुढच्या अंगणात सहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद अशी थोडी जागा उरली. आईचे गुडघे दुखत असत. सकाळी तिला अनवाणी चार पावले चालता यावीत म्हणून मी तेथे हरळीची हिरवळ लावली. हल्ली सारेजण तिला लॉन म्हणतात. पहिले सहा महिने ती छान वाढली. मग मात्र तिचा रंग फिका पडू लागला आणि वर्षभरात ती लिंबासारखी पिवळी दिसू लागली.

गवत पिवळे पडले म्हणजे खत कमी पडले, असा मी सरळ हिशेब केला. दर पंधरवड्याला अर्धा किलो युरिया फेकू लागलो. कोणी सांगितले म्हणून अधूनमधून डीएपी टाकले, तर कधी मिश्रखत टाकले. कूपनलिकेचे पाणी रोज देत होतोच. अशी दोन वर्षे गेली. गवत पिवळे ते पिवळेच राहिले. शेवटी सारे उकरून फरशी घालावी असे मनात आले. त्यापूर्वी एकदा माती तपासून घेऊ म्हणून मी तिचा नमुना मृदा चाचणी प्रयोगशाळेत नेला.

तेथील रसायनतज्ज्ञ माझाच जुना विद्यार्थी निघाला. माझी हकीकत ऐकून तो क्षणभर गप्प राहिला आणि हळूच म्हणाला, "सर, मोजल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, असे तुम्हीच आम्हाला प्रयोगशाळेत सांगत होता."

यावर मला काही उत्तर देता आले नाही. आठवड्याने त्याने जो कागद माझ्या हाती दिला, तो आता आपण दोघे मिळून वाचू या.

कागदावरचे आकडे

सामू ८.४. विद्युतवाहकता ०.४२ डेसिसीमेन्स प्रति मीटर. सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के. मुक्त चुनखडी १० टक्के. उपलब्ध नत्र हेक्टरी १९६ किलो, उपलब्ध स्फुरद हेक्टरी ६८ किलो, उपलब्ध पालाश हेक्टरी ५४० किलो. उपलब्ध लोह किलोमागे २.६ मिलिग्रॅम.

आकडे पाहून घाबरू नका. प्रत्येक आकड्याला एक फूटपट्टी लावायची असते. आपल्याकडे सामान्यतः हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी नत्र असेल तर ते कमी समजतात. स्फुरद २५ किलोच्या वर गेले की भरपूर, पालाश २८० च्या वर गेले की भरपूर. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याखाली असला तर कमी. लोह किलोमागे ४.५ मिलिग्रॅमच्या खाली गेले तर कमतरता समजावी.

विद्युतवाहकता तर आपल्या ओळखीचीच आहे. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. क्षार विरघळले की आयन मिळतात आणि ती वाहू लागते. माती पाण्यात ढवळून त्या पाण्याची वाहकता मोजली की मातीत विरघळणारे क्षार किती आहेत ते कळते. आकडा १ च्या खाली असेल तर काळजी नाही. म्हणजे माझ्या अंगणातील माती खारी नव्हती.

आता बाकीचे आकडे पुन्हा पाहा. ज्या नत्रासाठी मी दोन वर्षे युरिया ओतला, ते कमीच आहे. स्फुरद मात्र गरजेच्या कितीतरी पट साठले आहे. आणि ज्या लोहाचा मी विचारही केला नव्हता, तेच कमी आहे! हे असे का व्हावे? एकेक कोडे सोडवू.

युरिया गेला कुठे?

युरिया जमिनीवर पडला की मातीतील युरिएज नावाच्या विकरामुळे त्याचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. माती आम्लधर्मी असेल तर बराचसा अमोनिया अमोनियम आयन होऊन मातीच्या कणांना चिकटून राहतो. पण सामू ८ च्या वर असला की त्यातील बराच भाग वायुरूपातच राहतो आणि हवेत निघून जातो. मी युरिया वरच्यावर फेकत असे आणि पाणी दुसऱ्या दिवशी देत असे. संध्याकाळी अंगणात नाकाला झोंबणारा वास येई, तेव्हा माझेच पैसे हवेत उडत होते.

जो भाग उडाला नाही त्याचे जिवाणूंनी नायट्रेट केले. नायट्रेटवर ऋण विद्युतभार असतो आणि मातीच्या कणांवरही बहुतांशी ऋण भारच असतो. सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात हे तुम्ही शिकलाच आहात. म्हणून नायट्रेट मातीला चिकटत नाही. पाणी जास्त झाले की ते पाण्याबरोबर खाली झिरपते.

येथे एक हिशेब करून पाहा. १०० ग्रॅम नत्रापासून सुमारे ४४३ ग्रॅम नायट्रेट होते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये असे भारतीय मानक सांगते. म्हणजे १०० ग्रॅम नत्र जर खाली झिरपले, तर सुमारे १०,००० लिटर स्वच्छ पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवण्यास ते पुरेसे आहे. अर्धा किलो युरियात २३० ग्रॅम नत्र असते, आणि तेवढा मी दर पंधरवड्याला टाकत होतो. आमच्या गल्लीत चार घरांच्या कूपनलिका आहेत. अशा पाण्याचा सर्वांत जास्त धोका तान्ह्या बाळांना असतो, कारण नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. हा हिशेब मांडल्यावर हिरवळीचा रंग हा केवळ माझ्या अंगणाचा प्रश्न राहिला नाही.

स्फुरदाची गोष्ट उलटी. फॉस्फेट मातीत जवळजवळ हलत नाही. चुनखडीच्या जमिनीत ते कॅल्शियमशी संयोग पावून जागच्या जागी बसते. म्हणून टाकलेले डीएपी वर्षानुवर्षे साठत गेले. एवढेच नव्हे, तर जास्त झालेले स्फुरद वनस्पतीला लोह आणि जस्त मिळण्यात अडथळा आणते. म्हणजे औषध म्हणून जे दिले, त्याने दुखणे वाढवले.

लोखंडाच्या खाणीत लोहाचा दुष्काळ

आता मुख्य कोडे. आपला दख्खनचा काळा खडक म्हणजे बेसाल्ट. त्यात लोहाची ऑक्साइडे वजनाने दहा टक्क्यांहून अधिक असतात. त्याच खडकाची झीज होऊन आपली काळी माती बनली. मग तिच्यात लोह कमी कसे?

एक चौरस मीटर जागा घ्या आणि १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती धरा. घनमीटरला १,३०० किलो या हिशेबाने तिचे वजन १९५ किलो भरते. तिच्यात पाचच टक्के लोह धरले तरी ते जवळजवळ १० किलो होते! आणि अहवाल काय म्हणतो? किलोमागे २.६ मिलिग्रॅम. १९५ किलो मातीत एकूण सुमारे अर्धा ग्रॅम. पायाखाली १० किलो लोह, पण गवताच्या तोंडी लागण्यासारखे केवळ अर्धा ग्रॅम. मुदतठेव लाखाची आणि बसभाड्याला खिशात सुटे पैसे नाहीत, अशी ही अवस्था.

अहवालातील 'उपलब्ध' या शब्दाचा अर्थ हाच. प्रयोगशाळा मातीतील सगळे लोह मोजत नाही. डीटीपीए नावाच्या रसायनाचे द्रावण मातीबरोबर हलवतात आणि त्यात जेवढे लोह सुटून येते तेवढे मोजतात. लिंडसे आणि नॉर्व्हेल या शास्त्रज्ञांनी १९७८ साली ही पद्धत सविस्तर प्रसिद्ध केली. नत्रासाठी आपल्याकडे जी पद्धत वापरतात ती सुब्बय्या आणि असिजा या भारतीय शास्त्रज्ञांनी १९५६ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात मांडली.

बाकीचे लोह कोणी कोंडून ठेवले? त्याचे उत्तर सामूत आहे. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ साली ही मोजपट्टी तयार केली. ती लॉगरिथमची पट्टी आहे. सामू एका अंकाने वाढला की हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहापट कमी होते. फेरिक आयनावर तीन धनभार असतात, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा परिणाम तीनदा गुणला जातो. सामू एक अंकाने वाढला की द्रावणातील फेरिक आयन दहाच्या तिसऱ्या घाताने, म्हणजे हजारपट, कमी होतात. सामू ६.४ असलेल्या आणि ८.४ असलेल्या मातीत या बाबतीत दहा लाख पटींचा फरक पडतो! आकडा दोनच अंकांनी बदललेला दिसतो, पण लॉगरिथमच्या पट्टीवर दोन म्हणजे थोडे नव्हे.

गवत बिचारे स्वस्थ बसत नाही. लोह कमी पडले की गवतकुळातील वनस्पती मुळांवाटे एक पदार्थ सोडतात. तो लोहाला पकडून विरघळवतो आणि मुळे ती जोडी आत घेतात. ओट आणि भात यांच्या मुळांचा हा उद्योग जपानी शास्त्रज्ञ ताकागी यांनी १९७६ साली दाखवून दिला. पण माझ्या कूपनलिकेच्या पाण्यात बायकार्बोनेटही पुष्कळ होते. रोजच्या पाण्याबरोबर मीच मातीत अल्कता ओतत होतो. गवताने प्रयत्न तरी किती करावेत?

लोह हरितद्रव्याच्या रेणूत नसते. तेथे मध्यभागी मॅग्नेशियम असते. पण हरितद्रव्य तयार होण्यासाठी लोह लागतेच. आणि येथेच एक खूण आहे, जी मी दोन वर्षे रोज पाहूनही पाहिली नव्हती. नत्र कमी पडले तर वनस्पती जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांना देते, म्हणून आधी जुनी पाने पिवळी पडतात. लोह मात्र असे हलवता येत नाही, म्हणून आधी नवी पाने पिवळी पडतात, आणि शिरा हिरव्या राहून मधला भाग फिका होतो. गवताच्या पात्यावर मग उभ्या पट्ट्या दिसतात. भिंग घेऊन मी अंगणात बसलो तेव्हा त्या पट्ट्या स्पष्ट दिसल्या.

सामूच कमी केला तर?

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, मग गंधक टाकून सामूच खाली आणावा. जिवाणू गंधकाचे गंधकाम्ल करतात हे खरे. पण आधी हिशेब करा. एका चौरस मीटरखालच्या १९५ किलो मातीत १० टक्के चुनखडी म्हणजे साडेएकोणीस किलो चुनखडी. १०० ग्रॅम चुनखडी संपवायला ३२ ग्रॅम गंधक लागते. म्हणजे दर चौरस मीटरला सव्वासहा किलो आणि ३० चौरस मीटरला सुमारे १८७ किलो गंधक! ही चुनखडी संपेपर्यंत सामू फारसा हलणार नाही. जी गोष्ट बदलता येत नाही तिच्याशी झगडण्यापेक्षा तिला वळसा घालावा हे बरे.

याच्या उलट परिस्थितीही असते. कोकणातील जांभ्याची माती आम्लधर्मी असते. तेथे चुना टाकल्याने गवत सुधारू शकते. तोच चुना सोलापुरात टाकणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. परदेशी बागकामाच्या पुस्तकांत हिरवळीला चुना द्यावा असे लिहिलेले असते, ते तेथील पावसाळी, आम्लधर्मी मातीसाठी. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे १८५६ साली गवताच्या कुरणावर एक प्रयोग सुरू झाला, तो आजही चालू आहे. तेथे ज्या तुकड्यांना वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट दिले, त्यांची माती इतकी आम्ल झाली की गवताच्या मोजक्याच जाती तेथे तग धरून राहिल्या. तेच अमोनियम सल्फेट माझ्या अंगणात दिले तर चुनखडीचा साठा त्याची आम्लता सहज पचवून टाकील. खत तेच, परंतु माती निराळी, म्हणून परिणामही निराळा.

चार चौकोनांचा प्रयोग

अहवाल हाती आला तरी या खेपेला मी सगळ्या हिरवळीवर एकदम काही टाकले नाही. सुतळी आणि खुंट्या घेऊन एकेक चौरस मीटरचे चार चौकोन आखले. पहिल्याला फक्त पाणी. दुसऱ्याला ९ ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून. तिसऱ्यावर हिराकशीच्या, म्हणजे फेरस सल्फेटच्या, द्रावणाची फवारणी. एका लिटरला ५ ग्रॅम. चौथ्याला युरियाही आणि हिराकसही.

हिराकस मातीत का टाकली नाही? कारण अशा मातीत फेरस लोहाचे झपाट्याने फेरिक होते आणि तेही कोंडले जाते. पानावर फवारले की मातीचा अडथळाच राहत नाही. फवारणी संध्याकाळी केली, म्हणजे पाती करपत नाहीत. एक सूचना: हिराकशीचे शिंतोडे फरशीवर पडले तर तांबडे डाग पडतात. आमच्या पायरीवर ते आजही आहेत.

आठ दिवसांनी आई स्वतःच म्हणाली, "अरे, हे दोन चौकोन वेगळे दिसतात." तिसरा आणि चौथा हिरवे झाले होते, आणि चौथा जास्त दाट होता. पहिला होता तसाच. दुसऱ्यातील पाती जरा उंच झाली होती, पण पिवळीच.

कार्ल स्प्रेंगेल यांनी १८२८ च्या सुमारास मांडलेला आणि पुढे लिबिग यांनी प्रसिद्धीस आणलेला नियम येथे डोळ्यांसमोर उभा राहिला. वाढ ठरते ती सर्वांत कमी असलेल्या अन्नद्रव्याने. लाकडी पिंपाची एक फळी तुटकी असेल तर बाकीच्या फळ्या कितीही उंच असोत, पाणी त्या तुटक्या फळीपर्यंतच राहते. मी दोन वर्षे भलत्याच फळ्या उंच करीत होतो.

मग सबंध हिरवळीसाठी बेत ठरला. डीएपी आणि मिश्रखत पूर्ण बंद. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा चौरस मीटरला ४ ग्रॅम नत्र, म्हणजे ३० चौरस मीटरला सुमारे ५८० ग्रॅम अमोनियम सल्फेट, आणि त्यावर लगेच पाणी. पण पाणी बेताचे, खाली झिरपून जाईल इतके नाही. पावसाळ्याच्या तोंडावर चाळलेल्या, चांगल्या कुजलेल्या शेणखताचा पातळ थर. सेंद्रिय पदार्थ लोहाला धरून विरघळलेले ठेवतात, म्हणून कर्ब वाढवणे हा खरा लांबचा उपाय. आणि गरज दिसेल तेव्हा हिराकशीची फवारणी. गवत कापले की फवारलेली पाती जातात, म्हणून ती पुन्हा करावी लागते.

एका फवारणीला सहा लिटर पाणी आणि ३० ग्रॅम हिराकस लागते. तिच्यात लोह असते अवघे ६ ग्रॅम. हिरवळीखाली ३०० किलो लोह पडून असताना, या ६ ग्रॅमनी ती हिरवी झाली.

तुम्ही काय कराल?

तुमच्या शाळेच्या बागेची किंवा घरच्या शेताची माती तुम्हीही तपासून घेऊ शकता. नमुना नीट घेणे फार महत्त्वाचे, कारण नमुना चुकला तर पुढचा प्रत्येक आकडा चुकतो. आठदहा ठिकाणी नागमोडी फिरून माती घ्या. शेतासाठी १५ सेंटिमीटर आणि हिरवळीसाठी १० सेंटिमीटर खोलीपर्यंतची पुरे. लोह-जस्त तपासायचे असेल तर गंजकी खुरपी आणि पत्र्याची बादली वापरू नका. लाकडी किंवा प्लास्टिकची साधने घ्या. सर्व माती एकत्र करून तिचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करीत जा. माती सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. नुकतेच खत दिले असेल तर थांबा. जिल्ह्याची मृदा चाचणी प्रयोगशाळा, कृषी महाविद्यालय किंवा कृषी विज्ञान केंद्र येथे चौकशी करा. शेतकऱ्यांसाठी २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिका सुरू झाली; तिच्यात १२ गुणधर्मांची नोंद असते. तुमच्या घरी ती असेल तर आजच काढून वाचा.

अहवाल हेक्टरचा असतो आणि आपली जागा चौरस मीटरची, म्हणून एक सोपे गणित लक्षात ठेवा: हेक्टरी १ किलो म्हणजे चौरस मीटरला ०.१ ग्रॅम. शाळेत एवढे तरी कराच: मातीच्या ढेकळावर शिक्षकांच्या देखरेखीखाली सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसून बुडबुडे आले तर चुनखडी आहे असे समजा, आणि मग त्या मातीत लोह किती 'उपलब्ध' असेल, याचा तर्क करा.

आई आता रोज सकाळी हिरवळीवर चालते. तिला सामू आणि लॉगरिथम ठाऊक नाहीत. मला ते ठाऊक होते, पण दोन वर्षे ते वर्गातच राहिले. तुमच्याकडे कोणी पिवळे पडलेले रोप घेऊन आले, तर खताच्या पिशवीकडे हात नेण्याआधी त्याला एकच प्रश्न विचारा: माती तपासली का?